डिझायनरने उचललेला लोगो विकला, माझे १,१२,९०० रुपये गेले

मसाला, पापड, लोणच्याचा धंदा करणाऱ्या आणि पाकिटासाठी डिझायनर शोधणाऱ्या सगळ्यांनी हे वाचा. ॲडव्हान्स घ्यायचा, ‘काम होतच आलंय’ म्हणून दुसरा हप्ता काढायचा आणि मग फोन उचलायचा नाही, हा प्रकार आता कुणाला नवा नाही. माझ्या बाबतीत त्याने काम हातात दिलं, म्हणून फसवणूक उशिरा कळली आणि तोवर छपाईचेही पैसे गेले.

सांगली जिल्ह्यात माझा कांदा-लसूण मसाल्याचा घरगुती धंदा आहे. पुण्याच्या दुकानदारांनी माल मागितला, पण पाकीट चांगलं करा म्हणाले. एका साइटवर हा डिझायनर सापडला. नमुने एकाहून एक सरस, त्यात मराठी पाकिटंही होती, अक्षरं अगदी घोटून काढलेली. ४५,००० ठरले. २२,५०० ॲडव्हान्स दिले, पहिल्या ड्राफ्टनंतर १५,०००, आणि फोटो-फॉन्टच्या लायसन्सचे म्हणून त्याने ४,८०० वेगळे घेतले.

तो पहिला ड्राफ्ट आठवला की आजही अंगाची लाही होते. पाकिटावर ‘मिरची’च्या जागी ‘मरिची’ होतं. पहिली वेलांटी म सोडून र वर जाऊन बसली होती. मी विचारलं तर म्हणाला, “मॅडम, फॉन्टचा इश्यू आहे, फायनलला नीट होईल.” डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीचं सेटिंग चालू नसलं की वेलांटी अशी भलतीकडे पडते, हे मला नंतर गावातल्या डीटीपीवाल्याने सांगितलं. ज्याने खरोखर मराठी पाकिटं केलीत त्याला हे पहिल्याच दिवशी माहीत असतं, आणि नसलं तरी ‘मरिची’ त्याच्या डोळ्याला खुपतंच. म्हणजे ते देखणे नमुने त्याचे नव्हतेच! सगळा पुरावा त्या एका वेलांटीत होता. पण मसाला विकणाऱ्या बाईने सॉफ्टवेअरची सेटिंगं कुठून ओळखायची? दवाखान्यात आपण डॉक्टरला इंजेक्शन कसं भरतोस असं विचारत नाही.

कच्ची रेखाटनं मागितली तर “क्लायंटला प्रोसेस दाखवत नाही” म्हणाला. हे वाक्य कानावर आलं की तिथेच व्यवहार थांबवा. ज्याने स्वतः काढलंय त्याच्याकडे फसलेली दहा चित्रं असतात आणि तो ती हौसेने दाखवतो.

फायनल म्हणून आली ती सपाट पीडीएफ. छपाईवाल्याने उघडली तर आत एकच चिकटलेलं चित्र, तेही स्क्रीनपुरतं. रंग वेगळे करता येईनात. ओपन फाइल, म्हणजे बदल करता येणारी मूळ फाइल, मागितली तर “उरलेले ७,५०० टाका, मग देतो.” मी टाकले नाहीत. दुकानदार खोळंबले होते, म्हणून डीटीपीवाल्याकडून २,५०० देऊन सगळं पुन्हा ट्रेस केलं, अक्षरं नव्याने बसवली. सहा रंगांचे सिलिंडर (पाउच छापायचे रूळ) प्रत्येकी ४,२०० प्रमाणे २५,२००, पाउच छपाई ३८,४००. एफएसएसएआयचा म्हणजे अन्न परवान्याचा १४ आकडी नंबर, हिरवं शाकाहारी चिन्ह, निव्वळ वजन, बॅच नंबर यांना त्याने जागाच ठेवली नव्हती. तीही डीटीपीवाल्यानेच काढली. पाकिटाचं काम येणारा माणूस चित्राआधी हे विचारतो: किती ग्रॅम, कुठे विकणार, छपाईचं बजेट किती. ह्याने विचारलं फक्त “कलर कोणता आवडतो?”

मग ४,५०० भरून ट्रेडमार्कचा अर्ज केला. काही महिन्यांनी हरकत आली: दुसऱ्या राज्यातल्या एका कंपनीचं तेच खलबत्त्याचं चिन्ह आधीच नोंदलेलं. गूगल लेन्सवर लोगो टाकला, तर तोच खलबत्ता एका स्टॉक साइटवर विकायला! लोगो हातात आला की पैसे देण्याआधी लेन्सवर टाका, ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवरचा शोधही फुकट आहे. हे मला आधी कुणीही सांगितलं नाही.

पोलीस ठाण्यात काय ऐकलं? “ताई, काम तर दिलंय ना त्याने? मग हा दिवाणी मामला, वकील गाठा.” दुसऱ्याचं चित्र स्वतःचं म्हणून विकणं ही फसवणूक नाही तर काय आहे? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ मी छापून नेलं होतं. साहेबांनी कागद उलटासुद्धा केला नाही. अर्ज घेतला, पोच मागितली तर “उद्या या”. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तर पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत आणि दिवसही बरेच उलटलेत, असं उत्तर. सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर केलेली तक्रार पोलीस ठाण्याकडे आली आणि तिथे पुन्हा तेच साहेब! साइटवाले म्हणतात, पैसे आमच्यामार्फत दिले नाहीत, आमचा संबंध नाही. मग साइटवर त्याच्या नावापुढे त्या पाच चांदण्या कुणी लावल्या? ग्राहक आयोगात टेबलावरचा माणूस म्हणाला, धंद्यासाठी घेतलेली सेवा इथे चालत नाही. हे अर्धसत्य आहे. स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्याला २०१९च्या कायद्यात सूट आहे आणि ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही. हे त्याने सांगायला हवं होतं, मला घरी बसून वाचावं लागलं. आता तक्रार तिथेच दाखल केली आहे.

आणखी एक, हे फार कमी लोकांना माहीत असतं: बाहेरच्या डिझायनरकडून करून घेतलेल्या कामाचा कॉपीराइट पैसे दिले म्हणून आपोआप आपला होत नाही. लेखी हस्तांतरण लागतं, आणि त्यात मुदत लिहिली नाही तर कायद्याने ते पाचच वर्षांचं धरतात. करारात मुदत लिहा, ‘काम स्वतःचं आहे, तसं नसल्यास पूर्ण परतावा’ हे लिहून घ्या. शेवटचा हप्ता ओपन फाइल छपाईवाल्याकडे उघडल्यावरच द्या. नमुन्यातल्या दोन जुन्या गिऱ्हाइकांना स्वतः फोन करा, त्याने दिलेल्या नंबरवर नाही, पाकिटावर छापलेल्या कस्टमर केअरच्या नंबरवर.

मी हा फोन केला असता तर नमुने कुणाचे ते एका मिनिटात कळलं असतं. आता त्याने माझंच पाकीट त्याच्या नमुन्यांत लावलंय. लाल पाकीट, मधे काळा खलबत्ता, खाली ‘कांदा-लसूण मसाला’. ती अक्षरंही त्याची नाहीत, आमच्या डीटीपीवाल्याची आहेत. हे पाकीट तुम्हाला कुणी ‘माझं काम’ म्हणून दाखवलं, तर मागच्या बाजूला माझा नंबर आहे. त्यावर फोन करा आणि मगच पैसे द्यायचे की नाही ते ठरवा.