डिलन आरएल ५५०सी रीलोडिंग प्रेस: हाताने फिरवायचं मशीनच मला का हवंय

आधी निकाल सांगते, मग कारणं. मॅचसाठी नाईन एमएमचे राउंड घरी बनवायचे असतील आणि महिन्याला हजारभर लागत असतील तर रीलोडिंगसाठी, म्हणजे उडवलेलं काडतूस पुन्हा भरून वापरण्यासाठी, डिलनचं आरएल ५५०सी घ्या, डोळे झाकून घ्या. आणि लोक त्याला ज्या एका गोष्टीवरून नावं ठेवतात, की त्याची शेलप्लेट, म्हणजे काडतुसाची पितळी कवचं (ब्रास) धरणारी गोल चकती, आपोआप फिरत नाही, दर वेळी हाताने फिरवावी लागते, तीच गोष्ट मला त्यातली सगळ्यात भारी वाटते. त्यावर पुढे सविस्तर लिहितेच.

मी टेक्सासात असते, यूएसपीएसएच्या मॅचेस खेळते, म्हणजे टायमर लावून टार्गेट मारायच्या, कॅरी ऑप्टिक्स डिव्हिजनमध्ये, जिथे पिस्तुलावर नेम धरायला डॉट दाखवणारी ऑप्टिक असते. इकडची मराठी मंडळी अधूनमधून विचारतात की हे गोळ्या घरी बनवणं काय प्रकरण आहे, लीगल आहे का, परवडतं का. लीगल आहे, स्वतःच्या वापरासाठी बनवायला फेडरल लायसन्स लागत नाही, विकायला लागलात तर लागतं, आणि तुमच्या राज्याचे नियम वेगळे बघायचे. पण एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा, एच-वन-बी किंवा तसल्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूकच काय, काडतूस जवळ ठेवायलाही बंदी आहे, हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडून, त्यामुळे आधी वकिलाला विचारा मग प्रेस बघा. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. आणि भारतात कोणी हे वाचत असेल तर तिकडे विनापरवाना काडतूस बनवणं आर्म्स अ‍ॅक्टखाली गुन्हा आहे, तो विषय तिथेच संपला.

खरं तर आपल्याकडच्या बहुतेक पिस्तूल शूटर्सचा रीलोडिंगशी संबंधच येत नाही. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये सोनं मारलं ते २५ मीटर पिस्तूलमध्ये, तिथे पॉइंट टू-टू रिमफायर चालतं, ज्यात पेटणारा मसाला ब्रासच्या कडेतच भरलेला असतो, वेगळा प्रायमर, म्हणजे पावडर पेटवणारी छोटी टोपी, नसतोच, मग एकदा उडवलं की ते ब्रास कचरा. सेंटरफायरमध्ये प्रायमर बुडाशी मध्यभागी बसवलेला असतो, तो काढून नवा घालता येतो, ब्रास पुन्हा पुन्हा वापरता येतं. सगळा खेळ त्यावर उभा आहे.

आता मॅचच्या नियमांचा आणि प्रेसचा काय संबंध ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय मशीन निवडण्यात अर्थ नाही. यूएसपीएसए ही आयपीएससी या आंतरराष्ट्रीय प्रॅक्टिकल शूटिंग संघटनेची अमेरिकेतली शाखा, आणि आयपीएससीचं ब्रीद लॅटिनमध्ये तीन शब्दांचं आहे, नेमकेपणा, ताकद आणि वेग. नेमकेपणा म्हणजे टार्गेटवरचे पॉइंट, वेग म्हणजे टायमर, पॉइंट भागिले सेकंद केलं की हिट फॅक्टर निघतो. आणि ताकद मोजायची म्हणून पॉवर फॅक्टर. बुलेटचं, म्हणजे राउंडच्या पुढच्या उडून जाणाऱ्या तुकड्याचं, वजन ग्रेनमध्ये, वेग फूट पर सेकंदमध्ये, दोन्हीचा गुणाकार करून हजाराने भागायचं. मायनरला किमान १२५ लागतो, मेजरला १६५. टार्गेटच्या मधल्या भागाला अल्फा, बाहेरच्या भागांना चार्ली आणि डेल्टा म्हणतात. मेजर असलं की अल्फाचे पाचच राहतात पण चार्लीला तीनच्या जागी चार मिळतात, डेल्टाला एकाच्या जागी दोन. कॅरी ऑप्टिक्समध्ये सगळ्यांना मायनरच धरतात, म्हणजे जास्त ताकदीचा राउंड मारून मला एक पॉइंट जास्त मिळत नाही, उलट धक्का जास्त आणि डॉट परत जागेवर यायला वेळ जास्त. म्हणून १२५ च्या थोडं वर राहायचं, बस.

दुकानातला ११५ ग्रेनचा राउंड साधारण ११५० फुटांनी गेला तर पॉवर फॅक्टर १३२ होतो. घरी १४७ ग्रेनची बुलेट ८९० फुटांवर बसवली तर १३०.८, आणि १२४ ग्रेनची १०५५ वर बसवली तरी १३०.८ च. कागदावर सारखं, हातात मात्र वेगळं, जड बुलेटचा धक्का सावकाश ढकलल्यासारखा येतो आणि हलकी चटकन तडाखा देते. कोणाला काय मानवेल ते ज्याचं त्याने बघायचं, काही चांगले शूटर हलकीच घेतात कारण त्यांना स्लाइड झटपट यायला हवी असते. मला १४७ आवडते. हे निवडायचं स्वातंत्र्य हेच रीलोडिंगचं पहिलं कारण आहे माझ्यासाठी, पैसे दुसरं.

आणि १२६ वर का नाही थांबायचं? कारण मोठ्या मॅचला क्रोनो, म्हणजे बुलेटचा वेग मोजायची तपासणी, असते. तुमच्याकडून राउंड घेऊन जातात, एक फोडून बुलेट तोलतात, बाकीचे तुमच्याच पिस्तुलातून क्रोनोग्राफवर मारतात. १२५ च्या खाली भरलात तर मॅच पूर्ण खेळता येते पण स्कोअर मिळत नाही. विमानाचं तिकीट, हॉटेल, रजा, सगळं पाण्यात. हवामान बदललं की काही पावडरींचा वेग बदलतो, तुमच्या क्रोनोत आणि त्यांच्या क्रोनोतही फरक असतोच, म्हणून पाचेक पॉइंटची जागा ठेवायची. पण ही जागा उपयोगाची कधी, तर प्रत्येक राउंडमध्ये पावडर सारखीच पडली तर. इथे प्रेस येतं.

५५०सी ला चार स्टेशन आहेत. पहिल्यावर वापरलेलं ब्रास ठेवायचं, हँडल खाली ओढलं की ब्रास डायमध्ये, म्हणजे साच्यात, शिरून मूळ मापाचं होतं आणि जुना प्रायमर खाली पडतो, मग हँडल पुढे ढकललं की नवा प्रायमर बसतो. दुसऱ्यावर पावडर पडते आणि ब्रासचं तोंड किंचित फाकतं. तिसऱ्यावर बुलेट हाताने ठेवायची, ती ठरलेल्या खोलीवर बसते. चौथ्यावर क्रिम्प, म्हणजे फाकवलेलं तोंड परत सरळ. मग तयार राउंड घसरत निळ्या डब्यात. उजव्या हाताने ब्रास आणि हँडल, डाव्या हाताने बुलेट, आणि डाव्याच अंगठ्याने शेलप्लेट फिरवायची चांदणीसारखी चकती एक घर पुढे. एकदा लय बसली की निवांत चालवूनही तासाला तीनेकशे राउंड सहज पडतात.

प्रायमर बसताना हँडलवर जे जाणवतं ना त्यासाठी मला हे मशीन आवडतं. प्रायमर पॉकेट स्वच्छ असेल तर हलका अडथळा, मग मऊसर बसल्याचं कळतं, आणि मग कडक थांबा. पॉकेट सैल झालेलं असेल तर अडथळाच येत नाही, तिथेच ते ब्रास बाजूला टाकायचं. मिलिटरी ब्रासमध्ये प्रायमरभोवती वेगळाच क्रिम्प, म्हणजे कड दाबून घट्ट केलेली, असतो, तिथे हँडल आधीच अडतं, जोर लावायचा नाही, काढून टाकायचं. झालेल्या राउंडच्या बुडावरून अंगठा फिरवला की प्रायमर कडेच्या किंचित आत लागला पाहिजे, वर आलेला लागला तर तो मॅचच्या डब्यात जात नाही.

आता हाताने फिरवण्याबद्दल. रीलोडिंगमध्ये खरी भीती दोनच गोष्टींची, पावडर दोनदा पडणं आणि पावडर न पडणं. दोनदा पडली तर पिस्तूल फुटू शकतं, हात जाऊ शकतो. न पडली तर नुसत्या प्रायमरच्या जोरावर बुलेट बॅरलमध्ये जाऊन अडकते, त्याला स्क्विब म्हणतात, आणि शूटरने त्यामागून दुसरी मारली तर बॅरलची वाट लागते. मॅचमध्ये आवाज वेगळा आला की रेंज ऑफिसर स्टॉप ओरडतो, बॅरल तपासतात, खरंच स्क्विब निघाला तर तुम्हाला रीशूट, म्हणजे तो भाग पुन्हा खेळायची संधी, मिळत नाही, जिथे थांबलात तिथवरचा स्कोअर आणि न मारलेल्या सगळ्या टार्गेटचे मिस. बॅरल मोकळं निघालं तर रीशूट मिळतं. नियम अगदी रास्त आहे, तुमच्या राउंडची जबाबदारी तुमची.

यावर लोक म्हणतात की मग ऑटो-इंडेक्सवालं मशीन सुरक्षित, कारण हँडल मारलं की प्लेट फिरणारच, विसरायचा प्रश्न नाही. मुद्दा खरा आहे. ५५०वर प्लेट फिरवायची विसरून परत हँडल ओढलं तर त्याच ब्रासमध्ये दुसऱ्यांदा पावडर पडणार, हे मशीन तुम्हाला अडवणार नाही. पण माझं म्हणणं असं की अंगठ्याने चांदणी फिरवायची असल्यामुळे तुमचं लक्ष दर राउंडला त्या प्लेटवरच राहतं, दुसऱ्या स्टेशनवरून ब्रास तिसऱ्यावर येतं तेव्हा नजर आपोआप त्याच्या तोंडात जाते, टूलहेडमध्ये, म्हणजे डाय बसवलेल्या वरच्या भागात, छोटा एलईडी लावलेला असला की पावडरची पातळी स्वच्छ दिसते, आणि बुलेट हाताने ठेवायचीच आहे त्यामुळे न बघता पुढे जाताच येत नाही. आपोआप फिरणाऱ्या मशीनवर काही अडकलं, उलटसुलट झालं, की प्लेट अर्धवट फिरलेली असते आणि कुठल्या ब्रासमध्ये काय पडलंय याचा ताळमेळ लावत बसावं लागतं. ५५०वर मी हँडल थांबवते, प्लेट जिथे आहे तिथेच आहे, जे ब्रास संशयाचं वाटेल ते काढते, पुढे चालू. नवं शिकणाऱ्याला तर सुरुवातीला एकच ब्रास घालून चारही स्टेशन फिरवून आणता येतं, बाकी घरं रिकामी ठेवून.

दोन नियम मात्र स्वतःला घालून घ्यायचेच. फोन वाजला, मुलांनी हाक मारली, दारात कोणी आलं, तर परत बसल्यावर पहिलं काम म्हणजे चारही स्टेशन रिकामी करायची, अंदाज लावायचा नाही. आणि पावडर अशी निवडायची की जी ब्रास बऱ्यापैकी भरते, म्हणजे दोनदा पडली तर ओसंडून प्लेटवर सांडेल, डोळ्याला दिसेलच. काही पावडरी इतक्या थोड्या लागतात की दुप्पट पडूनही ब्रासमध्ये गुपचूप मावतात, पैसे वाचतात म्हणून त्या लोकप्रिय आहेत, मी घेत नाही. किती घालायची ते पावडर कंपनीच्या मॅन्युअलमधूनच बघायचं, खालच्या आकड्यापासून सुरू करून क्रोनोवर मोजत वर जायचं, कोणा मित्राने सांगितलेला आकडा उचलायचा नाही, माझा तर मी इथे देतही नाही.

डिलनचा पावडर मेझर साधा आहे, एक सरकती पट्टी, बोल्ट फिरवून पोकळी कमीजास्त. बोल्ट हलवल्यावर पहिल्या काही वेळा पडलेली पावडर डब्यात परत टाकायची, ती बसायला वेळ घेते, मग दहा वेळाची एकत्र तोलून सरासरी बघायची. बारीक दाण्याची पावडर फार एकसारखी पडते, मोठ्या चकत्यांची थोडी इकडेतिकडे.

मर्यादा आहेत, त्या लपवत नाही. चारच स्टेशन असल्यामुळे पावडरची पातळी तपासणाऱ्या पावडर चेक डायला वेगळी जागा नाही, तो हवाच असेल तर सीटिंग, म्हणजे बुलेट बसवणं, आणि क्रिम्प एकाच डायमध्ये करावं लागतं, नाईन एमएमला मी ते करत नाही. एक्सएल ७५०ला पाच स्टेशन आहेत, प्लेट आपोआप फिरते, ब्रास आपोआप पुरवणारा केस फीडर लावला की नुसतं बुलेट ठेवा आणि हँडल मारा. तुम्ही ओपन डिव्हिजन खेळत असाल, महिन्याच्या हजारापेक्षा कितीतरी जास्त राउंड जात असतील, तर ७५०च घ्या, ५५०वर तुमचे वीकेंड संपतील. पण ७५०ला कॅलिबर बदलणं जास्त खटपटीचं आणि जास्त खर्चाचं. ५५०ला दोन पिना काढल्या की आख्खं टूलहेड डायसकट बाहेर, माझा नवरा पॉइंट फॉर्टी फाइव्ह बनवतो, त्याचं टूलहेड सेट करून शेल्फवर असतं, शेलप्लेट, पावडर फनेल आणि प्रायमरचे पार्ट बदलायचे की झालं. डिलनचंच स्क्वेअर डील बी स्वस्तात मिळतं, आपोआप फिरतंही, पण त्याला त्यांच्या स्वतःच्याच डाय लागतात, बाजारातल्या साध्या डाय बसत नाहीत, म्हणून मला ते अडकून पडल्यासारखं वाटतं. वॉरंटी आयुष्यभराची आहे, त्यामुळे जुनं ५५० कोणी विकत असेल तरी बिनधास्त बघा.

पैशांचं म्हणाल तर ब्रास रेंजवरून गोळा होतं, मोठ्या मॅचला मात्र बऱ्याचदा लॉस्ट ब्रास असतो, म्हणजे पडलं ते पडलं, उचलायचं नाही. प्रायमर आणि पावडर ऑनलाइन मागवली तर वर हॅझमॅटचा, म्हणजे धोकादायक मालाचा, चार्ज लागतो, म्हणून दोन्ही एकाच ऑर्डरमध्ये आणि चारजणांत मिळून मागवा. सुरुवातीला प्रेस, डाय, तराजू, ब्रास घासून साफ करणारा टम्बलर, कॅलिपर, असं सगळं धरून खर्च बराच होतो, तो वसूल व्हायला वेळ लागतो, हे मान्य करूनच उतरा.

ब्रास घासल्यावर जी धूळ उडते तिच्यात प्रायमरचं शिसं असतं. टम्बलर घरात चालवू नका, मुलांना त्या टेबलापासून लांब ठेवा, काम झाल्यावर थंड पाण्याने आणि साबणाने हात धुवा, मध्ये काही खाऊ नका. टेक्सासच्या गराजमध्ये उन्हाळ्यात भट्टी असते, पावडर आणि प्रायमर मी घरात कोरड्या थंड कपाटात, मूळ डब्यातच ठेवते.

प्रेससोबत काय घ्यायचं? स्ट्राँग माउंट घ्या, प्रेस टेबलापासून उंचावर बसतं आणि उभं राहून काम करता येतं, कंबर वाचते. केस गेज, म्हणजे राउंडचं माप तपासायचा साचा, नक्की घ्या, मॅचचा प्रत्येक राउंड त्यात टाकून बघायचा, जो सहज आत जात नाही तो प्रॅक्टिसला. बुलेट ट्रेची गरज नाही, साधी वाटी पुरते. आणि प्रायमर भरायच्या जास्तीच्या ट्यूब चार-पाच घ्याच, एका ट्यूबमध्ये शंभर बसतात, सगळ्या आधीच भरून ठेवल्या की दर शंभराला थांबून एकेक प्रायमर टोचत बसावं लागत नाही.