एनएमडीसीचा पी/ई: बारा महिन्यांचा घ्यावा की सात वर्षांचा?

एनएमडीसीसारख्या लोहखनिज काढणाऱ्या सरकारी खाण कंपनीचा पी/ई (शेअरचा भाव नफ्याच्या किती पट आहे तो आकडा) दोन तऱ्हांनी बघता येतो. अ‍ॅपवर आयता मिळतो तो गेल्या बारा महिन्यांच्या नफ्यावरचा. दुसरा सात-एक वर्षांच्या सरासरी नफ्यावरचा, तो आपला आपण काढायचा. (पुढच्या वर्षीच्या अंदाजावरचाही असतो, पण त्यात खनिजाच्या भावाचं भाकीत आलं. त्याच्या वाटेला मी जात नाही.)

आयत्या आकड्याची बाजू लंगडी नाही. मे 2022 मध्ये केंद्राने लोहखनिजावरचं निर्यात शुल्क 50 टक्क्यांवर नेलं, तेव्हा त्याचा फटका पुढच्या निकालांमधून त्यात उतरत गेला. सरासरीला अशा धक्क्याची नीट जाणीवसुद्धा होत नाही.

तरी माझं त्याच्याशी बिनसलं ते एका गोष्टीवरून: ‘स्वस्त शेअर’ची चाळणी लावली की हा शेअर नेमका तेजीच्या वर्षात वर येतो आणि मंदीत गायब होतो. एनएमडीसीचा नफा 2021-22 मध्ये सुमारे 9,400 कोटी होता. मार्च अखेरीस पी/ई पाचाच्या आसपास. वाटावं, फुकटच मिळतोय. पण मागच्या सात वर्षांची सरासरी 4,700-4,800 कोटींच्या घरात, म्हणजे तोच भाव या सरासरीच्या दहापट. पुढच्याच वर्षी नफा 5,600 कोटींवर आला. मार्च 2016 ला याच्या उलट: नफा वर्षभरात 6,400 कोटींवरून 3,000 कोटींवर घसरला होता, म्हणून अ‍ॅपवर पी/ई बारा-तेरा आणि सरासरीने सातच्या जवळपास. महाग दिसत होता तेव्हाच तो स्वस्त होता, असं माझं मत.

कारण उघड आहे. पगार, डंपर, देखभाल हा खर्च खनिजाचा भाव पडला म्हणून तेवढा उतरत नाही, त्यामुळे भावातली घसरण बरीचशी नफ्यावरच बसते.

सरासरी काढणं कटकटीचं आहे, हे मान्य. डिसेंबर 2024 सारखा बोनस येऊन शेअरांची संख्या वाढली की जुने ईपीएस (दर शेअरमागचा नफा) जुळवत बसा. मी ईपीएसला हातच लावत नाही; एकूण बाजारमूल्याला (सगळ्या शेअरांची मिळून किंमत) सरासरी निव्वळ नफ्याने भागतो, बोनसचा प्रश्नच उरत नाही. नगरनारचा मात्र उरतो. एनएमडीसीचा तो पोलाद कारखाना 2023 मध्ये वेगळा सूचिबद्ध झाला; त्याआधीच्या बाजारमूल्यात त्याची किंमत होती, पण नफ्यात त्याचं काहीच नव्हतं. म्हणजे खाणींपुरतं बघितलं तर जुने पी/ई दिसतात त्याहून थोडे कमीच धरावेत. शिवाय उत्पादन या काळात तीन कोटी टनांखालून चार कोटींवर गेलंय, तेव्हा सरासरी कंपनीला जरा कमीच लेखते.

निकालावर महिनाभराचा सौदा करणाऱ्याला अ‍ॅपवरचा आकडा बहुधा पुरेल. चार-पाच वर्षं ठेवायचा असेल तर मी सात वर्षांचाच धरीन, आणि तो अ‍ॅपवरच्या दुप्पट निघाला तर खरेदी लांबणीवर टाकीन.