पाचगणीचा बंगला, तीन लग्नं आणि परत आलेला चेक

वाई-पाचगणी पट्ट्यात लग्नाच्या फोटोंच्या ऑर्डरी घेणाऱ्यांनी वाचावं म्हणून लिहितोय. रक्कम जगबुडी व्हावी एवढी नाही, सगळं धरून तीन लाखांच्या आतबाहेर. पण माझ्याकडे कुणी ओटीपी मागितला नाही, कुठली लिंक पाठवली नाही. मी स्वतःच्या गाडीत स्वतःचं पेट्रोल टाकून पसरणी घाट चढलो आणि फसून खाली आलो.

माझा फोटो स्टुडिओ वाईत. गेल्या सीझनला दिवाळीच्या आधी एक फोन आला. पाचगणीत साहेबाच्या काळातला एक बंगला लग्नासाठी द्यायला सुरुवात करतोय, तुमचं काम बघितलंय, एकदा येऊन जागा बघा. गेलो. जागा बघितल्यावर माझं डोकं चालायचं थांबलं, हे आधीच कबूल करतो. जांभ्या दगडाच्या भिंती, मंगलोरी कौलं, लांबलचक व्हरांडा, पुढं हिरवळ, कडेला सिल्व्हर ओकची रांग आणि खाली दरीत धोम धरणाचं पाणी. सकाळी धुकं उतरताना तिथं जो उजेड असतो त्यात सॉफ्टबॉक्सचे लाइट काढायचीही गरज नाही. मंगल कार्यालयात ट्यूबलाइट आणि एलईडी वॉलच्या कात्रीत अकरा वर्षं काढलेल्या माणसाला अशी जागा दाखवली की तो भाव करत नाही.

तिथला मॅनेजर, माळी-आचारी त्याला शेठ म्हणायचे, पस्तिशीचा, बोलायला गोड. म्हणाला, आम्ही पार्टीला सगळं एकत्र देतो. जागा, जेवण, डेकोरेशन, फोटो-व्हिडिओ, एकच पॅकेज. फोटोग्राफर आमचा कायमचा एकच राहणार. तुळशीच्या लग्नापासून पुढच्या सहा तिथी बुक आहेत म्हणून डायरी उघडून दाखवली. हळद आणि लग्न धरून दोन दिवसांचे मला ८५,००० रुपये, प्रत्येक लग्नानंतर पंधरा दिवसांत. माझ्याकडून ६०,००० रुपये डिपॉझिट, सीझन संपल्यावर परत. डिपॉझिट कशाला, असं विचारलं तर म्हणाला, दादा, ऐन तिथीला दुसरी मोठी ऑर्डर आली म्हणून फोटोग्राफर पळतात, आमची अब्रू जाते. पळतात हे खरंच आहे. आमच्या धंद्यातली खोड त्याला बरोबर माहीत होती.

पैसे यूपीआयनं टाकले तेव्हा स्क्रीनवर बंगल्याचं नाव आलं नाही, एका बाईंचं आलं. ‘घरचं खातं आहे’ म्हणाला. मी पिन दाबला.

आणि एक अट. ‘पार्टीशी पैशाचं बोलायचं नाही. मोठी घराणी असतात, त्यांना आवडत नाही. हिशोब आमच्या ऑफिसशी.’

ही अट मला खटकायला हवी होती. उलट बरं वाटलं. मुलगी गाडीत बसतेय, आई रडतेय, आणि आपण वधूपित्याच्या मागं ‘काका, ते बॅलन्सचं...’ करत उभे. यातून एकदाचा सुटलो असं वाटलं. पुढं जे झालं त्याचं मूळ या अटीतच होतं.

पहिलं लग्न झकास झालं. अंतरपाट धरला तेव्हा धुकं हिरवळीवर आलं होतं, मंगलाष्टका चालू आणि मागं ओकची झाडं नुसती छायेसारखी. तो फोटो आजही माझ्या आयुष्यातला चांगला फोटो आहे. संध्याकाळी पाठवणीच्या आधी मुलीचे वडील माझ्याजवळ आले. कोल्हापूरकडचे, साधे शेतकरी, फेट्याचा शेमला खांद्यावरून घसरत होता. म्हणाले, ‘पाहुणं, तुमचं सगळं व्यवस्थित मिळालं नव्हं?’ मी हसून म्हणालो, ‘हो काका, ते ऑफिसकडून येतं. तुम्ही काळजी करू नका.’

एवढं एकच वाक्य. मला मिळाले होते २०,००० रुपये टोकन. पण सांगून ठेवलेलं होतं, पैशाचं बोलायचं नाही. त्यांना वाटलं फोटोवाल्याला पोचलेत. ते तसेच शेठच्या खोलीत गेले आणि राहिलेली सगळी रक्कम रोख मोजून आले. हे मला तीन महिन्यांनी कळलं.

दुसरं लग्न, तिसरं लग्न. पंधरा दिवसांचे महिना झाले. ‘सीए बसलाय’, ‘पार्टीनं अजून क्लिअर केलं नाही’, मग ‘पार्टी फोटो मागतेय, तेवढं पाठवा म्हणजे त्यांच्याकडून पैसे निघतील’. पाठवले. माझा सेकंड शूटर, सिनेमॅटिकवाला, ड्रोनवाला ही गावातली पोरं, त्यांना ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांचे एका लग्नाचे ३८,००० मी खिशातून देत गेलो. धनुर्मास लागला, लग्नं थांबली. संक्रांतीनंतर तिळगूळ आणि १,५०,००० चा चेक आला. ‘पुढच्या महिन्यात टाका.’ टाकला, तर परत. खात्यात पैसे नाहीत. फोन बंद.

वर गेलो तर फाटकाला कुलूप. माळी म्हणाला, शेठची अकरा महिन्यांची मुदत संपली. मालकीणबाई मुंबईला असतात, त्यांचा नंबर दिला. त्यांनी शांतपणे सांगितलं की बंगला राहण्यासाठी दिला होता, लग्नं लावायला नव्हे, आणि तीन महिन्यांचं भाडं त्यांचंही बुडालंय. डायरीतल्या उरलेल्या तीन तिथींच्या पार्ट्यांनी अॅडव्हान्स दिला होता का, देव जाणे.

त्याच आठवड्यात कोल्हापूरचे काका स्टुडिओत आले. सोबत प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेलं बिल. ‘फोटो-व्हिडिओ व करिझ्मा अल्बम’, १,९०,००० रुपये. खाली जीएसटी १८ टक्के, ३४,२००. मला ८५,००० ठरले होते आणि अल्बमचं तर माझ्याशी बोलणंही झालं नव्हतं. बिलावरचा जीएसटी नंबर मी त्यांच्यासमोर पोर्टलवर टाकला. कुणालाही टाकता येतो, लॉगिन लागत नाही. नोंदणी रद्द झालेली, आणि तीही लग्नाच्या कितीतरी आधी. काका बराच वेळ त्या स्क्रीनकडे बघत बसले. मग म्हणाले, ‘मी तुम्हाला इचारलं हुतं की.’

यावर मी काय बोलणार? पाणी दिलं, चहा मागवला.

पोलिसांत गेलो. तिथं पहिलं उत्तर ठरलेलं असतं, हा दिवाणी व्यवहार आहे, कोर्टात जा. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे, पण सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू होता हे दाखवावं लागतं. एकट्या फोटोग्राफरची उधारी थकली तर तो हेतू दिसत नाही. काकांचं बिल आणि मालकीणबाईंचा करार माझ्या अर्जाला जोडल्यावर अर्ज निदान ठेवून घेतला. म्हणून सांगतो, असं झालं तर एकटे जाऊ नका. त्याच माणसानं बुडवलेली इतर माणसं आधी शोधा.

चेकचं वेगळं. त्याला निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायदा लागतो. त्यातल्या कलम १३८ ची नोटीस, चेक परत आल्याचा बँकेचा मेमो हातात पडल्यापासून ३० दिवसांत पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस, तरीही पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात तक्रार. मी त्यातले बावीस दिवस ‘देईल, देईल’ म्हणत फोन लावण्यात घालवले. वकिलांनी धावपळ करून नोटीस काढली. एक बरं, चेक खात्यात भरला असेल तर आपलं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात केस चालते, त्यामुळे तारखा वाईतच पडतात.

आता कुठल्याही नव्या जागेचं काम आलं की मी आधी लिव्ह अँड लायसन्सचा करार दाखवा म्हणतो. महाराष्ट्रात तो १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं नोंदवावाच लागतो, त्यामुळे ‘तोंडी आहे’ हे उत्तर चालत नाही. करारात मुदत कधी संपते आणि जागा कशासाठी दिलीय, या दोनच ओळी वाचायच्या. आणि पॅकेज कुणाचंही असो, लग्नाआधी वधू-वराच्या घरी फोन करून माझ्या कामाची रक्कम स्पष्ट सांगतो. यामुळे दोन हॉटेलांची कामं गेली. जाऊ देत.

काकांना अल्बम करून दिला, माझ्या खर्चानं, चाळीस शीटचा. दुसऱ्या पार्टीनं प्रिंटिंगचे पैसे स्वतःहून दिले. तिसऱ्या पार्टीशी अजून मिटलेलं नाही. त्यांना वाटतं मी शेठला सामील होतो, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मलाही वाटलं असतं. वकील म्हणतात, पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढले असतील तर, वेगळा करार नसताना, कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नं पहिला हक्क त्या सांगणाऱ्याचा. इथं सांगणारा कोण, शेठ की ते, आणि पैसे तर मला मिळालेलेच नाहीत, यावर दोघंही वर्षभर भांडू शकतो. मला भांडायचं नाही. त्यांची हार्ड डिस्क लेबल लावून ड्रॉवरमध्ये ठेवलीय, सगळे फोटो, सगळं फुटेज. घेऊन जा म्हणून चारदा निरोप पाठवला. परवा मुलीच्या भावानं फोन उचलला, ‘तुम्ही आता किती मागणार?’ एवढंच विचारलं आणि उत्तर द्यायच्या आत ठेवून दिला.