चेंगदू की शांघाय? इंग्रजी शिकवायला चीनला निघालेल्यांसाठी

चेंगदूच्या एका विद्यापीठात दोन वर्षं आणि नंतर शांघायच्या एका खासगी शिकवणी केंद्रात सव्वा वर्ष, एवढं माझं चीनमधलं इंग्रजी शिकवणं. २०१६ ते २०१९. तेव्हापासून ‘दोन्हीकडून ऑफर आलीय, कुठली घेऊ?’ असं विचारणारं कुणी ना कुणी भेटतंच. सगळ्यांचा पहिला प्रश्न पगाराचा असतो. मी उलट विचारते, तुमचा रविवार कुणाचा?

पण त्याच्याही आधी पासपोर्ट. परदेशी भाषाशिक्षकाने शक्यतो स्वतःचीच मातृभाषा शिकवावी, असं चीनचा नियम म्हणतो. जोडीला पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव. शिक्षणशास्त्राची पदवी किंवा इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकवण्याचं टेफलसारखं प्रमाणपत्र असेल तर अनुभवाची अट सुटते. व्यवहारात ‘मातृभाषा इंग्रजी’ म्हणजे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका यांचा पासपोर्ट. आपण कॉन्व्हेंटात शिकलो, घरात इंग्रजी बोलतो, याला तिथल्या खिडकीवर शून्य किंमत. माझं निभावलं ते इंग्लंडमध्ये केलेल्या एम. ए.मुळे. अशी पदवी काही शहरं चालवून घेतात, काही घेत नाहीत, आणि अधिकारी बदलला की उत्तरही बदलतं. म्हणून ऑफर देणाऱ्याला सरळ विचारा, ‘भारतीय पासपोर्टवर याच शहरात तुम्ही अलीकडे कुणाचं वर्क परमिट काढलंय का?’ उत्तर गोलमाल आलं तर तिथंच थांबा. गणित-भौतिकशास्त्र शिकवणारे बी.एड.वाले आंतरराष्ट्रीय शाळांत विषयशिक्षक म्हणून जातात. तो रस्ता आपल्या लोकांना जास्त सोपा आहे.

‘सध्या बिझनेस व्हिसावर या, मग बघू’ असं म्हणणारे एजंट भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. कामासाठी झेड व्हिसाच लागतो आणि पोहोचल्यावर ३० दिवसांत रेसिडन्स परमिटसाठी अर्ज करावा लागतो. परवान्याशिवाय काम करताना सापडलात तर ५,००० ते २०,००० युआन दंड, प्रकरण गंभीर वाटलं तर ५ ते १५ दिवस कोठडी. एजंट तेव्हा फोन उचलत नाही.

आता पैसे, कारण त्यावाचून कुणी पुढे वाचणार नाही. चेंगदूला मला महिना ७,००० युआन होते. युआन तेव्हा दहा रुपयांच्या आसपास होता. पगार ऐकून माझा भाऊ म्हणाला होता, ‘एवढ्यासाठी चीन?’ पण कॅम्पसमध्येच दोन खोल्यांचं घर फुकट, कॅन्टीनमध्ये पोटभर जेवण दहा-बारा युआनमध्ये, आणि वर्ग चालायच्या अंतरावर. कंजूषपणा न करता महिन्याला चार हजार उरायचे. शांघायला पगार १९,०००. कर साधारण चौदाशे, एका खोलीच्या घराचं भाडं साडेसहा हजार, खाणंपिणं, मेट्रो आणि शांघायला राहतो म्हणून होणारे खर्च साडेपाच हजारांच्या घरात. उरायचे साडेपाच. म्हणजे पगारात बारा हजारांचा फरक आणि शिलकेत दीड हजाराचा! हा हिशेब मी तिथे जाऊन तीन महिन्यांनी मांडला. आधी मांडायला हवा होता.

शिवाय शांघायचं घर घेताना एक महिन्याची अनामत आणि तीन महिन्यांचं भाडं आगाऊ मोजावं लागलं. पहिला पगार हातात पडायच्या आधी २६,००० युआन! मी ते चेंगदूच्या शिलकेतून भरले. मुंबईहून थेट शांघायला उतरणाऱ्यांनी एवढी रक्कम कुठून आणायची ते आधी ठरवावं.

कामात तर जमीन-अस्मानाचा फरक. विद्यापीठात आठवड्याला पंचेचाळीस मिनिटांचे चौदा तास. एका वर्गात पंचेचाळीस मुलं, आणि पहिला महिनाभर पंचेचाळीस जणांचं मौन. गाओकाओ या बारावीनंतरच्या परीक्षेत इंग्रजीला १५० गुण असतात, त्यामुळे व्याकरण त्यांना माझ्याहून पक्कं ठाऊक. तोंड उघडायची मात्र कधी वेळच आलेली नसते. एकदा एक मुलगा उभा राहून म्हणाला, ‘टीचर, आय लाइक द लाइट.’ मी खिडकी उघडली. तो गोंधळला. त्याला ‘नाइट’ म्हणायचं होतं! चेंगदू ज्या प्रांतात आहे त्या सिच्वानच्या बोलीत न आणि ल एकमेकांत मिसळून गेलेत, त्यामुळे त्यांच्या कानालाच हा फरक पकडता येत नाही. मी फळ्यावर देवनागरीत ‘न’ आणि ‘ल’ काढून दाखवले, नाक चिमटीत धरून म्हणायला लावलं. नाक बंद केल्यावर ‘न’ अडतो, ‘ल’ सुटतो. अख्खा वर्ग नाक धरून ‘नाइट, लाइट’ करत होता, आणि त्या दिवशी मौन फुटलं. असले प्रयोग करायला विद्यापीठात कुणी अडवत नाही. खरं सांगायचं तर कुणी बघायलाही येत नाही. परदेशी शिक्षक, त्यांच्या भाषेत ‘वाइच्याओ’, हा त्यांच्या लेखी बराचसा शोभेचा असतो. हे ज्याला टोचतं त्याने चेंगदूचं विद्यापीठ धरू नये.

शांघायच्या केंद्रात सगळं बघायला लोक होते, काचेच्या भिंतीपलीकडून. चार वर्षांचं पोर आईसाठी रडतंय, काचेला नाक लावून आजी उभी, आणि मी हातात प्लास्टिकचं केळं घेऊन नाचतेय. सुट्टी सोमवार-मंगळवार. शनिवार-रविवार सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. वर ‘डेमो’ तास: पालकांपुढे शिकवायचं, म्हणजे ते वर्षभराची फी भरतील. मी शिक्षिका होते की सेल्समन, हे मला शेवटपर्यंत उमगलं नाही. एक मात्र कबूल करते: तिथलं प्रशिक्षण पक्कं होतं. धडा मिनिटामिनिटाला कसा बांधायचा ते मी तिथेच शिकले.

ती दुनिया आता बरीच बदलली आहे. जुलै २०२१ मध्ये सरकारने शाळकरी मुलांवरचा गृहपाठाचा आणि शिकवण्यांचा असा दुहेरी भार कमी करायचं धोरण आणलं. शालेय विषयांच्या नफ्यासाठी चालणाऱ्या शिकवण्यांवर गदा आली, शनिवार-रविवारचे आणि सुट्टीतले वर्ग बंद झाले, केंद्रं धडाधड मिटली. त्यामुळे आज शांघायची ऑफर आली तर ती बहुधा बालवाडीची, द्वैभाषिक खासगी शाळेची किंवा प्रौढांना शिकवणाऱ्या केंद्राची असेल. शाळा असेल तर शनिवार-रविवार आपले. प्रौढांचं केंद्र असेल तर संध्याकाळ आणि रविवार त्यांचे, कारण शिकणारे नोकरीवाले असतात.

राहण्याच्या बाबतीत मी उघड उघड चेंगदूच्या बाजूची आहे, आणि त्याचं अर्धं कारण तिरफळ. माझं माहेर सिंधुदुर्गात. पहिल्याच आठवड्यात मुलांनी हॉटपॉट खायला नेलं. लाल तेलाच्या उकळत्या रश्शातून काढलेला पहिला घास तोंडात गेला आणि जीभ झिणझिणून बधिर झाली. बाकीचे परदेशी शिक्षक पाण्याकडे धावले. मला तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं आठवलं. त्यांचं ह्वाच्याओ, म्हणजे सिच्वान मिरी, आणि आपलं तिरफळ एकाच कुळातली. शाकाहारी असाल तर मात्र जरा कठीण, कारण भाजीतही डुकराच्या मांसाचा खिमा किंवा चरबी येते. ‘वो छ्र सू’, म्हणजे मी शाकाहारी खाते, एवढं वाक्य पाठ करा आणि वन्शू मठातलं उपाहारगृह लक्षात ठेवा. या बाबतीत शांघाय सोयीचं: भारतीय हॉटेलं आहेत, डाळ-मसाले मिळतात, आणि नानचिंग रस्त्यावर १९२२ पासूनचं गोंगदलिन हे शाकाहारी उपाहारगृह आहे.

हवा दोन्हीकडे वाईट, पण वेगवेगळ्या तऱ्हेने. चेंगदू डोंगरांच्या खोलगट खोऱ्यात बसलेलं, आभाळ महिनोन्‌महिने राखाडी. सिच्वानची कुत्री सूर्य दिसला की भुंकतात, अशी म्हणच आहे चिनीत. शांघायला जून-जुलैत संततधार लागते, तिला ‘आलुबुखाऱ्याचा पाऊस’ म्हणतात. चपलांना बुरशी येते, तेव्हा कोकणातल्या माणसाला घरच्यासारखं वाटतं. हिवाळ्यात मात्र दोघंही सारखेच छळतात. सरकारी हीटिंग फक्त उत्तर चीनला, ही दोन्ही शहरं त्या रेषेच्या दक्षिणेला. जानेवारीत मी वर्गात कोट घालून शिकवत असे.

चिनी शिकायचं असेल तर चेंगदूला पर्याय नाही, कारण तिथे इंग्रजीवर भाजीसुद्धा मिळत नाही. शांघायला वर्षभरात माझं चिनी उलट मागे गेलं. चेंगदूच्या पीपल्स पार्कमधल्या चहाच्या बागेत वेताच्या खुर्चीवर एक कप घेऊन चार तास बसता येतं, पुन्हा पुन्हा गरम पाणी ओतून मिळतं. मी भारतीय म्हटल्यावर तरुण मुलं आमिर खानचं नाव काढायची. एक म्हातारे गृहस्थ मात्र म्हणाले, ‘क दीह्वा!’ म्हणजे आपले सोलापूरचे डॉक्टर कोटणीस. १९३८ मध्ये चीनला गेले, १९४२ मध्ये तिथेच वारले. मी त्या गृहस्थांना सोलापूर कुठे आहे ते टेबलावर चहाच्या थेंबांनी काढून दाखवलं.

घरच्यांशी बोलणं हे आता माझ्या वेळेपेक्षा अवघड झालंय. व्हॉट्सअ‍ॅप, गूगल, यूट्यूब चीनमध्ये बंद. म्हणून आईच्या फोनवर मी वीचॅट टाकून दिलं होतं. जून २०२० मध्ये भारताने वीचॅटवर बंदी घातली. तिथे आपलं चालत नाही, इथे त्यांचं. भारतीय सिमचं रोमिंग सुरू ठेवलं तर व्हॉट्सअ‍ॅप चालतं, पण तो खर्च हिशेबात धरा. पासपोर्टचं काही निघालं तर शांघायला आपलं वाणिज्य दूतावास आहे. चेंगदूवाल्यांना ग्वांगचौ गाठावं लागतं. पाच वर्षांहून जास्त बंद असलेली थेट विमानं ऑक्टोबर २०२५ पासून पुन्हा सुरू झाली आहेत, तेवढा दिलासा.

करारात सगळे पगार, घर, विमानाचं तिकीट वाचतात. सोडतानाचं कलम वाचा. नोकरी बदलायची तर जुन्या ठिकाणचं रिलीज लेटर आणि वर्क परमिट रद्द केल्याचा कागद लागतो. शांघायच्या त्या केंद्राने माझं पत्र पाच आठवडे अडवलं, कारण मी सत्राच्या मध्यात निघाले होते. व्हिसाचे दिवस संपत आले होते. रोज सकाळी रिसेप्शनवर जाऊन हसतमुखाने उभी राहायचे, भांडले एकदाही नाही. चीनमध्ये आवाज चढवला की समोरच्याची पत जाते आणि मग कागद मुळीच निघत नाही.

डोक्यावर कर्ज असेल आणि हातात बी.एड. असेल, तर शांघायची शाळा घ्या, डोळे मिटून. पहिल्यांदाच देश सोडत असाल, वय पंचविशीच्या आसपास असेल, तर चेंगदू. प्रौढांच्या केंद्राची ऑफर असेल तर आधी तिथल्या एखाद्या शिक्षकाचं गेल्या महिन्याचं वेळापत्रक मागवा.

चिपळूणच्या एका मुलीला, तीही इंग्लंडमध्ये शिकलेली, मी हे सगळं असंच सांगितलं होतं. तिने शांघायचं प्रौढांचं केंद्र घेतलं. परवा दुपारी दोन वाजता तिचा फोन आला, म्हणाली, ‘ताई, आज सुट्टी आहे, पण बरोबर फिरायला कुणीच नाही.’ सोमवार होता.