हाडातून ऐकवणारं इम्प्लांट: गुहागरचा एक पावसाळा काढल्यावर

माझे दोन्ही कान लहानपणापासून वाहतात. साधं ऐकण्याचं मशीन लावलं की मोल्डने, म्हणजे कानात बसणाऱ्या साच्याच्या बोळ्याने, कान बंद व्हायचा आणि पुन्हा पू सुरू. म्हणून उजव्या कानामागे हाडातून ऐकवणारं इम्प्लांट बसवून घेतलं.

यात आवाज कानाच्या भोकातून जातच नाही. कवटीचं हाड कंप पावतं आणि तो कंप थेट आतल्या कानाला पोचतो. आतला कान चांगला असेल तरच उपयोग. ऑपरेशनआधी मशीन पट्ट्याने डोक्याला बांधून ऐकून बघता येतं. ते केल्याशिवाय होकार देऊ नका, खर्च लाखांत आहे.

1977 साली स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये पहिली इम्प्लांट्स बसली. त्यांत टायटॅनियमची खुंटी कातडीतून बाहेर असते. तिच्याभोवती रोज साफ करावं लागतं, नाहीतर कातडी चिघळते. हल्ली कंप देणारा भाग कातडीखाली ठेवून आवाज टिपणारं मशीन वरून चुंबकाने चिकटवण्याकडे कल आहे. आमच्या घामाच्या हवेत मी हेच घेतलं, आणि पुन्हा हेच घेईन. मात्र एमआरआयची वेळ आली तर आत चुंबक आहे हे आधी सांगावं लागतं, म्हणून इम्प्लांटचं कार्ड पर्समध्येच असतं.

सुरुवातीला चुंबकाखाली कातडी लाल व्हायची, ठणकायची. ऑडिओलॉजिस्टने (ऐकणं तपासून मशीन लावून देणाऱ्या तज्ज्ञाने) कमी ताकदीचं चुंबक दिल्यावर थांबलं. दुकानात गिऱ्हाईक हळू बोललं तरी आता "काय म्हणालात?" करावं लागत नाही. पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की मात्र बोलणं बुडतं, आणि हाक कुठल्या बाजूने आली तेही कळत नाही. दाभोळ-धोपावे फेरीबोटीत वारा मशीनवर घोंघावतो. तिथे मी सुरक्षादोरीची क्लिप ओढणीला लावते. मशीन खाडीत गेलं तर संपलंच! हेल्मेट घालताना ते काढावं लागतं, म्हणजे गाडीवर मी पूर्वीसारखीच बहिरी.

आमच्याकडे खरा वैरी दमटपणा. बटणसेल हवेवर चालतात, त्यांच्या पाठीवर बारीक भोकं असतात. श्रावणात सेलचं झाकण उघडलं तर आत घामासारखे थेंब दिसले, मशीन मुकं. तेव्हापासून रात्री सेल काढून मशीन सिलिका जेलच्या डब्यात. नव्या सेलची चिकटपट्टी काढून काही मिनिटं थांबायचं, मगच बसवायचा.

शेजारच्या वहिनींच्या नातीला जन्मतः कानाचं भोकच नाही. इतक्या लहान वयात कवटी पातळ असते, म्हणून मऊ पट्ट्यावर तेच मशीन लावतात. ऑपरेशन साधारण पाच वर्षांनंतर बघतात. वहिनी अजून थांबायचं म्हणतात. मी त्यांना रोज सांगते, ऑपरेशनला थांबा, पट्ट्याला नको. पोर बोलायला शिकतेय ती आत्ता.