नवीन एक्सल वाजतोय आणि गॅरेजवाला बेअरिंग बदलायला सांगतोय? थांबा

एक्सल, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा, बदलून आणल्यावर गाडी आधीपेक्षा जास्त वाजायला लागली, तर गॅरेजवाला पुढे काय काय बदलायला सांगतो इकडे बारीक लक्ष ठेवा. मला खोटा माल नवीन म्हणून विकला, ही फसवणूक झालीच. पण त्याहून मोठी फसवणूक पुढची होती. एक्सलवर संशय जाऊ नये म्हणून माझ्या गाडीचे चांगले चालणारे पार्ट एकेक करून काढले गेले आणि प्रत्येकाचे पैसे माझ्याकडूनच घेतले गेले.

गाडी 2006 ची मारुती एस्टीम. बाबांची, आता मी चालवते. पुण्यात धनकवडीतून रोज कामावर, आणि अधूनमधून आईला घेऊन कात्रज घाटाने भोरकडे. जुन्या एक्सलच्या सांध्यांवरचे रबरी बूट फाटले होते, ग्रीस उडून चाकाच्या आतल्या बाजूला चिकटलं होतं आणि वळताना कटकट यायची. एक्सल गेले होते हे उघड होतं. आमच्याच भागातल्या एका गॅरेजने दोन्ही बाजूंना 'कंपनीचे ओरिजिनल' एक्सल बसवले आणि मजुरी धरून 11,500 रुपये घेतले. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "ताई, मग जीएसटी वेगळा लागेल." लागू दे म्हटलं. बिलावर 'नवीन' हा शब्द लिहून घेतला आणि रिकामे खोकेही मागून घेतले. पुढे सगळं यावरच उभं राहिलं.

थोड्याच दिवसांत घाटाच्या चढाला अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पायाखालची फरशी थरथरायला लागली. पाय उचलला की थरथर बंद. सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी काढताना उजवीकडून परत तीच कटकट. गाडी परत नेली. "चाकाचं बेअरिंग गेलंय." बदललं. आवाज तसाच. "इंजिनाचं माउंटिंग बसलंय." तेही बदललं. मग व्हील अलाइनमेंट. शेवटी ठरलेलं वाक्य आलं: "ताई, गाडी किती जुनी आहे! एवढा आवाज धरूनच चालायचं."

मला राग आला तो या वाक्याचा. जुनी गाडी वाजते ती कुठलातरी भाग झिजलेला असतो म्हणून, आणि तो भाग आवाजावरून बऱ्यापैकी ओळखता येतो. बेअरिंगचा आवाज सलग घुमणारा असतो. गाडीचा वेग वाढला की तो वाढतो, अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी चालूच राहतो आणि रिकाम्या रस्त्यावर गाडी हलकेच डावी-उजवीकडे झुकवली की कमीजास्त होतो. एक्सलच्या दोन्ही टोकांना वळणारे सांधे, म्हणजे जॉइंट असतात. बाहेरच्या, म्हणजे चाकाकडच्या जॉइंटचा आवाज तुटक असतो: स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू पुढे निघालं की कट-कट-कट. बहुतेक वेळा डावीकडे वळताना आला तर उजवा जॉइंट आणि उजवीकडे वळताना आला तर डावा. गिअरबॉक्सकडचा आतला जॉइंट झिजला की ताकद लावताना गाडी थरथरते आणि पाय उचलला की शांत होते. माझ्या गाडीत ही शेवटची दोन्ही लक्षणं होती, बेअरिंगचं एकही नव्हतं. रोज गाड्या उघडणाऱ्या माणसाला हे कळत नाही, यावर माझा विश्वास नाही.

गाडी दुसऱ्या मिस्त्रीकाकांकडे नेली. उजवा एक्सल काढून त्यांनी बाहेरच्या बुटाची क्लिप कापली आणि रबर मागे सारलं. अशा जॉइंटमध्ये (त्यालाच सीव्ही जॉइंट म्हणतात) साधारण काळं, मॉलिब्डेनमवालं ग्रीस असतं. इथे पिवळट, साधं ग्रीस होतं, तेही बोटाला लागेल इतकंच. काकांनी फडक्याने जॉइंटचा कप पुसला आणि बॅटरीचा उजेड आत पाडला. त्यातल्या पोलादी गोळ्या ज्या खाचांमधून फिरतात त्यांत ग्राइंडरच्या बारीक आडव्या रेघा होत्या. खाचेच्या कडेला जुन्या झिजेचे खड्डे तसेच राहिले होते. तिथपर्यंत घासणाऱ्याचं चाक पोचलंच नव्हतं. बाहेरून चकचकीत काळा रंग, आणि तो पेट्रोलच्या फडक्याने निघाल्यावर खाली कुठल्यातरी नंबरावर कानस फिरवलेली दिसली. नवीन त्यात फक्त बूट, क्लिप आणि रंग होता.

हा माल तयार कसा होतो तेही काकांनी सांगितलं. भंगारातले एक्सल घ्यायचे, झिजलेल्या खाचा घासून गुळगुळीत करायच्या, सैलपणा भरून काढायला थोड्या मोठ्या गोळ्या टाकायच्या. बसवल्यावर सुरुवातीला घट्ट वाटतं. पण या जॉइंटचं पोलाद फक्त वरच्या थरात कडक केलेलं असतं. तो थर घासून टाकला की खालचं मऊ पोलाद गोळ्यांखाली भराभर खचतं. रिकंडिशन एक्सल नीट केलेला असेल आणि 'रिकंडिशन' म्हणूनच विकला असेल, तर माझी काही तक्रार नाही. जुन्या गाड्यांना कधीकधी तोच मिळतो. मला तो नवीन म्हणून, नव्याच्या भावात विकला. घाटात जॉइंट तुटला तर चाकाला ताकद जात नाही, गाडी आहे तिथेच उभी राहते. मागून ट्रक येत असताना आईला घेऊन तिथे उभं राहण्याचा विचारही मला सहन होत नाही.

खोके घेऊन नाना पेठेत गेले. स्पेअर पार्टच्या एका दुकानदाराने लेबल वाचून लगेच सांगितलं, की हा पार्ट नंबर एस्टीमचा नाहीच. खोकं खरं होतं, पण दुसऱ्याच पार्टचं. छापील किंमत आणि महिना-वर्ष असतं त्या जागेवर दुसरा स्टिकर मारलेला होता. म्हणून सांगते, खोक्यावरचा नंबर गाडीत पार्ट बसण्याआधी कंपनीच्या पार्ट काउंटरवर किंवा नाना पेठेत विचारून घ्या. एका फोनचं काम आहे.

आता गॅरेजवाल्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. चांगला, खरा एक्सलसुद्धा बसवण्यातल्या चुकीमुळे वाजू शकतो. चाकाच्या मधला, हबचा मोठा नट टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळायचा पाना) न लावता अंदाजाने आवळला, तर गाडी निघताना किंवा रिव्हर्स घेताना 'टक्क' असा एकच आवाज येतो. बहुतेक गाड्यांत हा नट दर वेळी नवीन घालायचा असतो. गिअरबॉक्समध्ये आतलं टोक लॉकपर्यंत बसलं नसेल तरी त्रास होतो. काही गाड्यांच्या मूळ शाफ्टवर मधोमध रबरी वजन असतं; बदली एक्सलवर ते नसेल तर ठरावीक वेगाला गाडीत घुमल्यासारखा आवाज येतो. एक्सल काढला की गिअरबॉक्सचं थोडं ऑइल सांडतं, ते परत भरलं का हेही विचारा. या गोष्टी आधी तपासा, मगच मालावर बोट ठेवा. काकांनी माझ्या गाडीत त्या सगळ्या पाहिल्या होत्या.

उघडलेल्या जॉइंटचे फोटो, बिल आणि खोकी दाखवल्यावर पहिला गॅरेजवाला आधी चढ्या आवाजात बोलला, मग "वरूनच तसा माल आला" म्हणाला, आणि शेवटी एक्सलचे पैसे परत द्यायला तयार झाला. अट एकच: दोन्ही एक्सल त्याला परत द्यायचे. मी दिले नाहीत. पुरावा तोच आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरावर तक्रार नोंदवली, रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली, तेव्हा कुठे एक्सलचे पैसे आले. बेअरिंग, माउंटिंग आणि मजुरीचे अजून आलेले नाहीत, त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करते आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील लागतोच असं नाही आणि कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते. निघालेले पार्ट, मग ते जुने असोत की खोटे, गॅरेजमध्ये सोडून येऊ नका. पोत्यात घालून घरी आणा, तारीख घालून फोटो काढा आणि निकाल लागेपर्यंत कोणाच्याही हातात देऊ नका.