४८ के स्पेक्ट्रमसाठी डिकम्प्रेसर: झेडएक्स-० घ्यावा की एक्झोमायझर?

झेडएक्स स्पेक्ट्रम या १९८० च्या दशकातल्या घरगुती संगणकासाठी आजही गेम लिहिणारे लोक डिकम्प्रेसर (पॅक केलेला, म्हणजे आवळून लहान केलेला डेटा उलगडणारं छोटं रूटीन) निवडताना आधी विचारतात, "रूटीन किती बाइटचं?" हा हिशेब अर्धाच झाला. रूटीनचा कोड, त्याचं टेबल, डेटा उलगडताना अडकणारी जागा आणि पॅक केलेला डेटा, या चौघांची बेरीज महत्त्वाची. ४८ के (किलोबाइट) रॅममधले ६९१२ बाइट तर पडद्यानेच आधी बळकावलेले असतात.

आयनार साउकास यांच्या झेडएक्स-० या पॅकरचं साधं रूटीन ६८ बाइटचं आहे. टेबल नाही, वेगळा बफर नाही. आधी उलगडलेल्या बाइटांमधूनच पुढचे तुकडे उचलले जातात, आणि स्पेक्ट्रमच्या झेड-८० प्रोसेसरच्या एलडीआयआर (बाइटांचा तुकडा कॉपी करणाऱ्या) सूचनेला तेच काम उत्तम जमतं.

मॅग्नस लिंड यांचा एक्झोमायझर हा पॅकर कमोडोर ६४ या त्याच काळातल्या संगणकाच्या जगात नावाजलेला. त्याला कोडशिवाय १५६ बाइटचं टेबल लागतं, म्हणजे नुसतं टेबलच झेडएक्स-० च्या दुपटीहून मोठं. पण घाबरू नका. काम झालं की ती जागा मोकळी होते. ४८ के यंत्रावर २३२९६ या पत्त्यापासूनचा २५६ बाइटचा प्रिंटर बफर बहुधा रिकामाच पडलेला असतो, टेबल तिथे खुशाल टाका. (१२८ के मोडमध्ये मात्र तिथे हात लावू नका.) तुमचा ४० के डेटा एक टक्क्याने जरी आणखी आवळला गेला, तरी चारशेएक बाइट वाचतात. तेव्हा दोन्हींनी पॅक करून बघा आणि मगच ठरवा.

एलझेड-४ हा तिसरा पॅकर सुसाट आहे, पण त्याचा पॅक केलेला डेटा फुगतो. ४८ के मध्ये मी तो घेणार नाही.

खरी बचत होते ती जागच्या जागी उलगडण्यात. समजा ६९१२ बाइटचं चित्र ४०००० वर हवंय. ते ४६९११ ला संपेल. पॅक केलेली फाइल २५०० बाइटची आहे आणि झेडएक्स-० ने डेल्टा (फाइलचा शेवट चित्राच्या शेवटापुढे किती बाइट न्यायचा तो आकडा) ३ सांगितला, तर फाइल ४४४१५ ते ४६९१४ मध्ये ठेवायची. उलगडत जाणारा डेटा तिच्यावरूनच पुढे सरकतो, आणि जास्तीची जागा लागते फक्त ३ बाइट! हा डेल्टा न बघता कडेला कडा जुळवली, तर चित्राचं शेपूट बिघडलंच म्हणून समजा.

खेळ चालू असताना पातळी बदलायची असेल, तर झेडएक्स-० चं टर्बो रूटीन घ्या: १२६ बाइट, सुमारे २१ टक्के जलद. मेगा ६७३ बाइटचं आणि सुमारे २८ टक्के जलद. एवढ्यासाठी साडेपाचशे बाइट उधळणं मला पटत नाही. त्याआधी रूटीन ३२७६८ च्या वर आहे ना, ते तपासा. त्याखालच्या रॅमसाठी यूएलए ही पडदा रंगवणारी चिप प्रोसेसरला ताटकळत ठेवते, आणि तिथून वर हलवायला एकही बाइट खर्च होत नाही.